गढीत जन्मलेल्या आजी

मंडळी, आज सकाळी सातवीच्या मुलांना जळकोटजवळच्या आमच्या गावची पडकी गढी दाखवायला नेलं होतं. आता एकच बुरूज उरलाय.

तेवढ्यात किनवटहून आलेल्या एक आजी लेकाचा हात धरून वर चढल्या.

"बाई, इथं बाळंतिणीची खोली कुठं होती?"

का विचारताय, असं मी म्हटलं. मग त्या सांगू लागल्या. रझाकारांच्या भीतीनं सगळं गाव गढीत येऊन राहिलं होतं. तिथंच त्यांचा जन्म झाला. आईला दूध येईना, तेव्हा गढीवाल्या देशमुखांच्या सुनेनं आपल्या लेकराबरोबर त्यांनाही महिनाभर पाजलं.

"तिचं नावबी ठाऊक न्हाई मला. माय मरेपर्यंत म्हणायची, एकदा जाऊन ये."

आजींनी पिशवीतून चोळीचा खण काढला, गवतातल्या एका दगडावर ठेवला आणि हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. माझी मुलंही आपोआप हात जोडून उभी राहिली.

अकरा वर्षं या गढीचा इतिहास शिकवतेय मी, पण त्या सुनेचं नाव मलाही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी ते माहीत असेल का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून कळवा. आजी उद्या सकाळपर्यंत अहमदपूरला आहेत.