खोखोकाकांचे पाय

खोखोकाका कुठल्याही मैदानात बूट घालून पाऊल टाकत नसत. रविवारी चँडलरच्या पार्कात मराठी कुटुंबं खो-खो खेळायला जमत. बाकीचे नव्या स्नीकर्समध्ये पळायला सज्ज असत आणि काका कडेला बसून बूट-मोजे काढत, मातीला हात लावून तो कपाळाला लावत. मग आरोळी, "चला रे, सुटलेली पोटं सांभाळा!"

मी इथे शिकायला आले तेव्हा त्यांच्याकडे मागच्या खोलीत राहत होते. मला खो-खोचा एकही नियम ठाऊक नव्हता. "कॉन्व्हेंटवाली, तू स्कोअर सांभाळ," ते म्हणाले. माझ्यासारख्या बुजऱ्या मुलीला माणसांत राहूनही न बोलण्याची सोय त्यांनी अशी करून दिली.

मधुमेहानं त्यांच्या तळपायांची संवेदना गेली होती. अनवाणी चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते घरात चप्पल घालत, पार्कात ऐकत नसत. काकू रोज संध्याकाळी चष्मा लावून त्यांचे तळवे तपासत. पाय पुढे करून काका विचारत, "पास का नापास?"

त्या जूनमध्ये आम्ही टेक्सासमधल्या एका लग्नाहून परतत होतो. दोन दिवसांच्या ड्राइव्हनं सगळेच गळून गेलो होतो. घर तासाभरावर आलं आणि काकांना रस्त्याकडेची पाटी दिसली. इथल्या मूळच्या लोकांचं, चेंडूच्या खेळाचं शेकडो वर्षांपूर्वीचं मैदान.

"आता कुठंही थांबायचं नाही हं," काकू म्हणाल्या.

"एवढं जुनं मैदान, आणि तुला वरणभात आठवतोय!"

"मला तुमचे पाय आठवतायत."

काकांनी गाडी वळवलीच. काकू डोळे मिटून आत बसून राहिल्या. मी काकांच्या मागोमाग गेले. मातीच्या बुटक्या बांधांमध्ये एक लांबट खळगा होता, बस्स. दिवसभर स्टिअरिंगवर वाकलेले काका तिथे ताठ झाले. खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"काका, नको ना. माती भाजतेय."

"अगं, इथं किती जण जिंकले असतील, किती रडले असतील. बूट घालून कसं जायचं?"

ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. परतताना चक्क पळाले. मागे कुणी लागल्यासारखी हुलकावणी दिली आणि एकटेच खदखदून हसले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

घरी पोचल्यावर काकूंनी चष्मा लावला. दोन्ही तळव्यांवर फोड होते. काकू औषधाची पेटी आणायला उठल्या.

उजव्या पायाची जखम भरली नाही. दिवाळीच्या सुमारास तो पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

नंतरही ते रविवारी पार्कात येत, पण गाडीतच बसून राहत. त्या हिवाळ्यात ते गेले. त्याआधीच्या रविवारी मी धीर करून म्हटलं, "काका, निदान पंच तरी व्हा ना."

ते खेळणाऱ्यांकडे बघत राहिले. "खो-खोत पाटीवर बसलेल्याला पाठीत खो मिळाला की उठावं लागतं गं," ते म्हणाले. "ज्याला उठता येत नाही, त्यानं मैदानात बसूही नये."

आणि त्यांनी गाडीची काच वर केली.