डिंकाच्या लाडवांचा डबा

तुपात डिंक फुलल्याचा वास आला की मला चाकणचं आमचं अंगण दिसतं. एकाहत्तरच्या लढाईत थोरला भाऊ सीमेवर होता. आईनं लाडू वळले आणि पिंपरीच्या कंपनीत झाळकाम करणाऱ्या वडिलांनी, आबांनी, डब्याचं झाकण वितळलेल्या कथलानं झाळून पक्कं बंद केलं. डबा पोचण्याआधीच भाऊ गेला. त्याच्या सामानाबरोबर डबा न उघडताच परत आला.

सामान आलं त्या सकाळी सरपंचांनी आईला शाल-नारळ दिला. "वहिनी, पोरगं देशाच्या कामी आलं," ते म्हणाले. घरी आल्यावर तिनं आबांना झाकण कापायला लावलं आणि एक लाडू फोडून हुंगला.

"अजून ताजं हायती वो."

मला तेव्हा ते आबांच्या कामाचं कौतुक वाटलं. आबांनी मात्र मान वर केली नाही.