पाहुणी तलवार

ती घटना आठवली की आजही आधी एका म्हाताऱ्याचं हसणं कानात घुमतं, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं. एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी बंगळुरातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्या माणसांची मुलंबाळं अजून याच शहरात नांदतायत.

सकाळची हजेरी चालू होती. एक बाई येऊन टेबलापुढे उभी राहिली. आमच्यासारख्याच, पिढ्यान्पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठा घरातली. बसा म्हटलं तर म्हणाली, "बसायला नाही आले, अण्णा. आमच्या अप्पांना लोक खोटारडा म्हणतायत. तेवढं पुसून द्या."

अप्पा म्हणजे तिचे वडील. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात होते आणि जपान्यांनी शस्त्रं खाली ठेवली तेव्हा एका जपानी अधिकाऱ्याची तलवार त्यांच्या हाती आली होती. पुढे पलटणीच्या साहेबाने ती त्यांनाच ठेवायला दिली. गल्लीत त्या तलवारीचा आणि तिच्या गोष्टीचा मोठा मान होता.

शहरात युद्धातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. तिथून तलवारीची मागणी आली. अप्पांनी ती साफसूफ करायला दंडूतल्या, म्हणजे कॅन्टोन्मेंटमधल्या, एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला दिली. त्याने ती कापडात गुंडाळून परस्पर प्रदर्शनाच्या सभागृहात पोचवली. तिथे वस्तूंची पारख करायला एक निवृत्त मेजर होते. त्यांनी मुठीतली बांबूची खुंटी काढली, आतलं लोखंड बघितलं आणि भरल्या सभेत म्हणाले, "ही नक्कल आहे. सुभेदार, या वयात असल्या थापा शोभत नाहीत."

"त्या दिवसापासून अप्पा भिंतीकडे तोंड करून बसलेत," बाई म्हणाली. "धड जेवत नाहीत की बोलत नाहीत. उद्या ती तलवार माझ्याकडे यायची, अण्णा. खोट्या माणसाची खोटी तलवार म्हणून घेऊ का मी ती?"

तिने तलवार बदलल्याची फिर्याद दिली, पण माझा पहिला संशय अप्पांवरच होता. पोलिसाचा धर्मच तो. त्या काळी दर दोन घरांआड युद्धातली एखादी वस्तू असायची, कुठे दुर्बीण, कुठे शिरस्त्राण. वस्तू तेवढीच राहते हो, गोष्ट मात्र दर दिवाळीला वीतभर वाढते! म्हाताऱ्याने बाजारातून एखादी तलवार आणून पराक्रम सांगितला असेल, तर त्याला नवल काय?

पंचनामा करून मी सभागृहातली तलवार ताब्यात घेतली. तेवढ्यात भंगार बाजारातला आमचा खबऱ्या येऊन कानाशी लागला. "साहेब, तो दंडूतला दुकानदार लॉरीचे तुटके कमानपाटे विकत घेतो. त्याच्याकडे साधी सायकल नाही. पाटे काय उशाला घेतो?"

मी दुकानदाराला बोलावून घेतलं. माणूस गुळासारखा गोड. कॉफी प्यायला, माझ्या मुलाबाळांची चौकशी केली, मग म्हणाला, "साहेब, जी आली तीच गेली. तुमची मराठा माणसं दसऱ्याला शस्त्रं पुजतात, मला ठाऊक नाही का? हे बघा, मुठीजवळच्या खाचेत यांच्या पूजेचं कुंकू अजून आहे. मी काय कुंकू लावत बसतो?"

बघितलं तर खरंच होतं. खाचेत लाल पापुद्रा धरला होता. मी तसा जबाब लिहून घेतला, खाली त्याची सही घेतली आणि मनात म्हटलं, सुटला हा, म्हातारा अडकला.

तरी वस्तू मालकाला दाखवून ओळख पटवायची राहिली होती. संध्याकाळी एका हवालदाराबरोबर मी तलवार घेऊन अप्पांच्या घरी गेलो. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. सभागृहातही त्यांना ती नीट दिसली नव्हती, हातात तर कुणी दिलीच नव्हती. मी ती त्यांच्या मांडीवर ठेवली. ते बोटांनी चाचपत मुठीपर्यंत आले, खाचेत बोट फिरवलं आणि थांबले.

"अक्का," त्यांनी मुलीला हाक मारली, "माझ्या बोटाला हे काय लागलंय?"

"कुंकू, अप्पा."

आणि म्हातारा हसला! असा खदखदून हसला की शेजारपाजारचे दारात आले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "ही माझी नव्हे, साहेब! माझ्या तलवारीला कुंकू कधीच लागलेलं नाही."

मी कारण विचारलं. अप्पा सावरून बसले.

"त्या जपानी अधिकाऱ्याने ती दोन्ही हातांनी दिली, साहेब. काहीतरी बोलला, मला कळलं नाही. मग तलवारीवर हात ठेवून त्याने एक बोट मागे दाखवलं, मग आणखी मागे. म्हणजे बापाची, आज्याची. रडत होता. आता खंडेनवमीला मी माझ्या घरची शस्त्रं पुजतो, त्यांना हळदकुंकू लावतो. पण ही दुसऱ्याच्या घरची. हिला आमचं कुंकू कसं लावायचं? ती पाहुणी आहे. तिला तेल देतो आणि पुढ्यात एक पांढरं फूल ठेवतो. बस्स."

मला पटलं. पण आपल्याच बाजूची साक्ष कोर्टात टिकत नाही. म्हणून मी समोरच्या घरात राहणाऱ्या त्यांच्या चुलत भावाकडे गेलो. भाऊबंदकी जुनी, आणि प्रदर्शनानंतर सगळ्यात जास्त टवाळी यानेच केलेली. काय घडलं याची त्याला दाद लागू न देता मी सहज विचारलं, खंडेनवमीला त्या तलवारीची पूजा कशी होते?

"पूजा?" तो उसळलाच. "त्या तलवारीला कुंकू लावू देत नाही म्हातारा! मी एकदा लावायला गेलो तर हात धरला माझा. पाहुणी म्हणे! पांढरं फूल ठेवतो आणि हात जोडतो. आमच्या वाडवडिलांच्या तलवारीला नसेल एवढं त्या जपान्याचं कौतुक!"

निंदा करता करता त्याने अशी साक्ष दिली, की मित्राला दहा जन्मांत देता आली नसती. मी लिहून घेतलं आणि "सरी, ठीक आहे, धन्यवाद" म्हणून निघालो.

दुसऱ्या दिवशी दुकानदार पुन्हा समोर. मी त्याचाच जबाब त्याला वाचून दाखवला आणि एकच प्रश्न विचारला, "कुंकू कुणी लावलं?" त्याच्या चेहऱ्यावरचा गूळ वितळला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! मराठ्यांच्या घरची तलवार, कुंकू नसेल तर संशय येईल, या हिशेबाने त्याने स्वतःच पेठेतून कुंकू आणून तेलात कालवून खाचेत भरलं होतं. पातं त्याने लॉरीच्या पाट्यातून घडवलेलं. खरी तलवार दुकानाच्या मागच्या खोलीत भाताच्या तुसात दडवलेली सापडली. बाहेरगावचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं.

मेजरांना ठाण्यावर बोलावलं. त्यांनी खऱ्या तलवारीची खुंटी काढली. आत काळपट जुनं लोखंड आणि त्यावर कोरलेली अक्षरं. त्यांनी ती अक्षरं बोटाने चाचपली. मग म्हणाले, "तलवारीबद्दल मी बरोबर होतो, इन्स्पेक्टर. माणसाबद्दल चुकलो. आणि चुकलो तेही चारचौघांत."

कोर्टाच्या हुकुमाने मुद्देमाल परत मिळाला तेव्हा नवरात्र बसलं होतं. खंडेनवमीला अप्पांनी मला जेवायला बोलावलं. मेजर न बोलावता आले, कोटावर पदकं लावून. गल्ली जमली होती, चुलत भाऊही दारात होता. मेजरांनी अप्पांना कडक सलाम ठोकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुभेदार, मी तुम्हाला खोटं ठरवलं. मला माफ करा."

अप्पा मान हलवत म्हणाले, "मला म्हणालात त्याचं मनावर घेऊ नका, साहेब. मला घोर दुसराच होता. उद्या वर तो जपानी भेटला आणि माझी तलवार कुठाय म्हणाला असता, तर काय तोंड दाखवलं असतं मी त्याला?"

माझी नोकरी पुढे बरीच झाली, खरं-खोटं पारखायच्या युक्त्याही खूप शिकलो. पण माणूस पारखायचा झाला की मी अजून तेच बघतो, दुसऱ्याची वस्तू तो घरात कशी ठेवतो. अप्पांसारखी ठेवणारी फार थोडी भेटली.

आता तलवार अक्कांकडे आहे. दर खंडेनवमीला मी जातो. घरच्या शस्त्रांना त्या हळदकुंकू लावतात आणि मग पाहुणीपुढे ठेवायला ताटातलं पांढरं फूल माझ्या हातात देतात.