लक्ष्मीचं उजवं पाऊल

"शेठ, ही दोन्ही पावलं डावी आहेत."

मी कापलेली दोन लाल पावलं टेबलावर ठेवली. शेठनी चष्मा कपाळावर सरकवला, पावलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पाय तो पाय. अंगठा कोन देखस?"

अंगठा कोण बघतंय म्हणे! इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

ही साठच्या दशकातली गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. स्टेशनरोडला शेठचं प्रिंटिंग प्रेस होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं हे बारा महिने चालायचं. दसरा-दिवाळी जवळ आली की ग्रीटिंग कार्डं. छापील कार्डं मुंबईहून यायची, पण आमची हातानं केलेली असायची. जाड कार्डावर रंगीत कागदाचे आकार चिकटवलेले. कधी आपट्याचं पान, कधी पणती, कधी आकाशकंदील. हे खातं माझ्याकडे. चिकटवायला अनसूयाबाई.

आकार कात्रीनं एकेक कापत बसलो असतो तर दिवाळी उलटून गेली असती. त्यासाठी डाय असायची. डाय म्हणजे काय, तर पोलादाची पट्टी हव्या त्या आकारात वाकवायची, खालच्या कडेला धार लावायची, वर मूठ. कागदांचा गठ्ठा लाकडी ठोकळ्यावर ठेवायचा, त्यावर डाय धरायची आणि वरून मोगरी हाणायची. एका ठोक्यात गठ्ठाभर पानं किंवा पणत्या निघतात. बाजारात बिस्किटं कापायचा साचा असतो, तसंच साधं काम. पणती डावी-उजवी नसते. पान डावं-उजवं नसतं. पाऊल असतं!

आणि शेठनी पावलाची डाय एकच करून घेतली होती.

"कागद उलटा करा ना, ताई. झाया उजवा!" शेठ म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही वापरायचो तो घोटीव कागद. एका बाजूनं लालभडक, चकचकीत, दुसऱ्या बाजूनं पांढरा. उलटा केला की पाऊल उजवं होतं खरं, पण पांढरंफटक. लक्ष्मीचा एक पाय लाल आणि एक पांढरा? लोक काय म्हणतील? मी त्यांना कापून दाखवलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

"मग लालच चिकटवा दोन्ही. परवा पाटील येणार."

याच पाटलांमुळे मी इतकी पेटले होते. प्रकाशा या तीर्थक्षेत्राजवळच्या, तापीकाठच्या गावातले हे गुजर शेतकरी. हिरालालभाई म्हणायचे त्यांना सगळे. ऑर्डर द्यायला आले तेव्हा शेठ बँकेत गेले होते, म्हणून ते माझ्यासमोर बसले. टोपी मांडीवर काढून ठेवली. मग म्हणाले, "बाई, मन्ही पोर सविता. लगीन होई गयं उन्हाळामा. सासरना घरमा शिरताना तिन्हं डावं पाऊल पयले पडनं. बस, तेवढंच."

तेवढंच. पण सासूनं ते धरून ठेवलं होतं. दूध नासलं, सविताचं पाऊल. म्हैस आटली, सविताचं पाऊल. पोर माहेरी यायची तेव्हा हसायची, पण बोलता बोलता पायाकडे बघायची. आता पहिली दिवाळी. हिरालालभाईंना व्याह्यांकडच्या सगळ्या घरांना कार्ड पाठवायचं होतं. आत लक्ष्मीची पावलं, आणि उजवं पाऊल पुढे. "दुसरं काही लिखू नका. सासूबाई समजतीन," असं ते म्हणाले.

मी कार्ड मनापासून आखलं होतं. दाराच्या दोन कवाडांसारखं उघडणारं. कवाडं उघडली की उंबरठ्यातून आत जाणारी पावलं, सगळ्यात पुढे उजवं.

आता बघा, पावलांची जोडी काढली की दोन्ही अंगठे आतल्या बाजूला शेजारी शेजारी येतात. दिवाळीला दारात पावलं काढणाऱ्या कुठल्याही बाईच्या हाताला हे ठाऊक असतं. आमच्या कार्डावर एक अंगठा आत आणि दुसरा बाहेर. नुसती डावी पावलं! ज्या सुनेला डाव्या पावलावरून बोल लावले जातात, तिच्या बापाकडून सासूच्या हातात काय पडणार? घरभर डावी पावलं! सासूला वाटणार, व्याही खिजवताहेत. आणि भोगणार कोण? ती पोर.

हे सगळं मी शेठना सांगितलं. अगदी शांतपणे सांगितलं, माझ्या मानानं. शेठ म्हणाले, "ताई, तुम्ही फार इचार करतस."

कार्डं तशीच डावी चिकटवली गेली. तिसऱ्या दिवशी हिरालालभाई आले. शेठनी स्वतः कार्ड उघडून त्यांच्या हातात दिलं. हिरालालभाई बघत राहिले. बोट उचलून एका अंगठ्यावर ठेवलं, मग दुसऱ्यावर. त्यांचा चेहरा उतरला.

"शेठ, हाई काय शे? उजवं कोठे शे?"

आणि शेठ, माझ्यासमोर, अनसूयाबाईंसमोर, काय म्हणाले असतील? "बायांनी उलटसुलट चिकटाडी दिन्हं. बायांचं काम असंच, पाटील."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अनसूयाबाई बिचारी खळीची वाटी घेऊन उभी राहिली. मी आत गेले, डाय आणली, ठोकळा आणला, लाल कागद ठेवला आणि शेठच्या टेबलावरच मोगरी हाणली. दौत उडाली. शेठ खुर्चीतून अर्धे उठले.

"हिरालालभाई, हे बघा. या प्रेसमध्ये पावलाची डाय एकच आहे, आणि ती डावी आहे. माझ्या अनसूयाबाईंनी ही पावलं कशीही फिरवून चिकटवली ना, तरी त्यातून उजवं निघणार नाही. ब्रह्मदेव आला तरी निघणार नाही!"

"ताई, आवाज!" शेठ म्हणाले.

"आवाज राहू द्या. तुम्ही आधी अनसूयाबाईंवरचा आळ मागे घ्या."

शेठनी सांडलेली शाई टिपायला घेतली. हिरालालभाईंनी ते ताजं कापलेलं पाऊल उचललं, डाय उलटून पाहिली आणि सावकाश विचारलं, "दुसरी डाय कराले काय अडचण शे?"

"दिवाळी तोंडावर आली. लोहाराकडे गर्दी," शेठ म्हणाले.

गर्दी! लोहार आमच्यापासून चार दुकानं सोडून बसायचा आणि त्या वेळी बाहेर विडी ओढत होता. मी डाव्या पावलाचा कागद उलटा केला, पांढरी बाजू वर घेतली आणि तशीच त्याच्याकडे गेले. "दादा, हा आकार. आत्ता पाहिजे." त्यानं कागद पाहिला, हसला आणि म्हणाला, "तेव्हाच सांगं व्हतं शेठले, जोडी करी घ्या. आयकनं नही." विडी विझवून तो कामाला लागला. संध्याकाळपर्यंत उजवी डाय माझ्या हातात होती.

हिरालालभाई तोवर बाकावर बसून राहिले. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. शेठ हिशेबाच्या वहीत डोकं घालून होते.

आम्ही दोघींनी प्रत्येक जोडीतलं एक पाऊल अलगद सोडवलं आणि त्या जागी उजवं बसवलं, सगळ्यात पुढेही उजवंच. काढलेली डावी पावलं दुसऱ्या कार्डांना लागली. म्हणजे शेठचा कागदसुद्धा वाया गेला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी एका पोरीचा संसार टांगणीला लावायला निघाला होता हा माणूस!

दिवाळी झाल्यावर सविता स्वतः प्रेसमध्ये आली. माहेरी आलेली, वडलांबरोबर बाजाराला. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. म्हणाली, "सासूबाईंनी कार्ड उघडलं. उजव्या पावलावर बोट ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाला दारात पावलं काढायला रांगोळी मलाच दिली." एवढं बोलली आणि रडायला लागली. अनसूयाबाईंनी तिला जवळ घेतलं. मीही रडले, लपवत नाही.

शेठ तेवढ्यात केबिनमधून आले. "देखा, मी म्हणस ना, आपलं काम एक नंबर!"

अनसूयाबाईंची माफी त्यांनी कधीच मागितली नाही. मात्र पुढच्या वर्षी दिवाळीआधी दुकानावर मोठी पाटी चढवली. 'लक्ष्मीच्या पावलांची खास कार्डे मिळतील.' बाजूला पेंटरकडून लाल पावलांची जोडी रंगवून घेतली. नमुना म्हणून त्याला आमच्याकडचं एक कापलेलं पाऊल दिलं होतं. पेंटरनं ते पत्र्यावर ठेवून दोनदा गिरवलं.

दोन्ही डावी.

अनसूयाबाईंनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, सांगो का शेठले?"

"नको," मी म्हटलं. "आपण एकदा सांगितलं होतं."

मी प्रेस सोडलं तोवर ती पाटी तशीच होती.