नाईक धर्मा म्हात्रे, बोट दोन

त्या पावसाळ्यात आमची कंपनी आसाममध्ये होती. मी इंजिनिअर्समध्ये हवालदार होतो. लढाईत नदीवर पूल टाकणं आणि बोटींतून जवान पलीकडे नेणं हे आमचं काम. शांततेच्या काळात पूर आला की त्याच बोटी घेऊन गावकऱ्यांसाठी निघायचं. सकाळी पीटी, मग बोटींचं मेंटेनन्स. इंजिन चालवून बघणं, दोर वाळवणं, लाइफ जॅकेटचे पट्टे तपासणं. जेवण. दुपारी पुन्हा तेच.

बोट दोन माझ्याकडे होती. इंजिनवर नाईक धर्मा म्हात्रे. तो वसईजवळच्या नायगावचा, खाडीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा. मी खटाव तालुक्यातला. आमच्याकडे पोहणं म्हणजे विहिरीत उडी. वाहतं पाणी मी फौजेत आल्यावर पाहिलं. धर्मा बोलका होता. सुट्टीवरून येताना आईने दिलेली सुक्या जवळ्याची चटणी आणायचा आणि सगळ्या सेक्शनला वाटायचा. पंजाबी जवानसुद्धा ती रोटीबरोबर खायचे आणि पाणी पीत बसायचे.

त्याच पावसाळ्यात तो गेला. त्याला घेऊन नायगावला मीच आलो. खाडीजवळच्या स्मशानात सलामी झाली. सगळं आटोपल्यावर त्याच्या वडिलांनी मला बाजूला नेलं आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "हिला इतक्यात काय सांगू नका. डोक्याला लागल्याचा ऐकवायचा नाय तिला. मी सांगेन सवडीने."

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मुलाला मुंबईत नोकरी होती, म्हणून नायगावला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. धर्माचं घर तिथून चालत जाण्याएवढं जवळ. त्याचे वडील तोवर वारले होते. आई, हिराबाई, एकटीच असायची. धर्माचं लग्न व्हायचं राहिलं होतं. मी दर आठवड्याला जायचो. चहा व्हायचा. वाडीतली केळी, भाजी, माझे गुडघे, तिची दाढ, असं बोलणं व्हायचं. त्या दिवसाबद्दल तिने कधी विचारलं नाही. वडिलांनी सांगितलं असेल असं मी धरून चाललो होतो.

नायगावला आल्यावर मी कॉलेजच्या मुलामुलींना खाडीवर शिकवायला लागलो. दोर कसा फेकायचा, बुडणाऱ्याला बोटीत मागच्या बाजूने कसं घ्यायचं, आधी स्वतःचं जॅकेट कसं बांधायचं. पावसाळ्यात वसई-विरारच्या सखल भागात पाणी भरतं, तेव्हा या पोरांनी तळमजल्यांवरून कितीतरी म्हातारी माणसं बाहेर काढली. यंदा विद्यापीठाने त्याबद्दल मला राष्ट्रसेवेचा सन्मान जाहीर केला. कार्यक्रमाची व्यवस्था पाहणाऱ्या प्राध्यापक बाईंचा फोन आला.

"सुभेदार साहेब, पाच मिनिटं बोलाल ना? हे काम करावंसं का वाटलं, एवढंच सांगा."

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की धर्माला वगळून हे सांगता येणार नाही. आणि त्याच्या आईला मी पहिल्या रांगेत बसवणार होतो. मग संध्याकाळी तिच्याकडे गेलो.

ती ओट्यावर अळूची पानं निवडत होती. मी सन्मानाचं सांगितलं. तिला आनंद झाला.

"आई, तिथं मला धर्माचं सांगावं लागेल. त्या दिवसाचं. तुम्हाला चालेल का, ते विचारायला आलोय."

तिने हातातलं पान खाली ठेवलं.

"यांनी तुमाला काय बोलू नका म्हनून सांगलेला ना?"

"हो. ते स्वतः सांगणार होते."

"नाय सांगलं. मी पन नाय विचारलं. यांच्या तोंडाकडे बघून धीर नाय झाला." मग ती म्हणाली, "गावात बोलतात, खाडीतला पोर, पान्यात बुडला कसा? मना त्याचा उत्तर देता नाय येत, सुबेदार. लहानपनापासून मीच त्याला पान्यात सोडलेला."

इतकी वर्षं ती हे मनात घेऊन बसली होती, हे मला तेव्हा कळलं. मी ओट्यावर बसलो आणि सुरुवातीपासून सांगितलं.

एका शाळेच्या छतावर गावातली माणसं अडकली होती. आम्ही सकाळपासून फेऱ्या मारत होतो. शेवटच्या फेरीत बोटीत बायका, मुलं आणि दोन म्हातारे होते. मी, धर्मा आणि आमचे दोन सॅपर जवान. निम्म्या वाटेत मासेमारीचं जाळं इंजिनच्या पंख्यात गुंडाळलं गेलं. इंजिन बंद पडलं. खाली बंधारा फुटला होता. पाणी तिथून खाली कोसळत होतं आणि आमची बोट आडवी होऊन तिकडेच निघाली.

मी नांगर टाकला. तो थोडा धरायचा, मग सुटायचा. वायरलेस सेटवर कळवलं.

"बोट दो टू कंट्रोल. इंजिन बंद. बहाव में हूँ. ओव्हर."

"कंट्रोल. बोट एक आ रही है. होल्ड करो. ओव्हर."

बोट एक लांब होती. ती पोचेपर्यंत आम्ही बंधाऱ्यावर गेलो असतो. ते धर्मालाही दिसत होतं. त्याने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि सुरी काढली.

"उस्ताद, मी जातो. दोर ढिला सोडू नका."

"जा."

तो पाण्यात उतरला. जाळं जाड नायलॉनचं होतं. दोनदा वर येऊन श्वास घेतला, पुन्हा खाली गेला. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा जाळ्याचा गोळा त्याच्या हातात होता. एका हाताने त्याने बोटीची कड धरली.

"चालू करा, उस्ताद."

मी इंजिनची दोरी ओढली. इंजिन लागलं. तेवढ्यात वरून झाडाचा ओंडका वाहत आला. आमच्या कोणाच्याच नजरेत तो आला नव्हता. तो धर्माच्या डोक्याच्या मागे बसला. त्याच्या कमरेचा दोर माझ्या हातातच होता. आम्ही त्याला लगेच वर घेतलं. त्याचा श्वास थांबला होता. एका सॅपरने छाती दाबायला सुरुवात केली. मी बोट काठाकडे वळवली.

"बोट दो टू कंट्रोल. सिव्हिलियन सब सेफ. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

मी नाव सांगितलं.

मी थांबल्यावर हिराबाईने विचारलं,

"म्हंजे बुडला नाय तो."

"नाही. काम पुरं करून वर आला होता. मला बोलला. पाण्याने त्याला काही केलं नाही."

"सकाळी खाऊन गेलेला?"

"हो. पुरी-भाजी होती. माझ्या वाटची पुरीही त्याने खाल्ली."

ती किंचित हसली. मग पदराने डोळे पुसले.

"काठावर येईपर्यंत कसा होता? खाली पडलेला बोटीत?"

"नाही. बोटीत एक बाई होती. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. काठ आला तरी खाली ठेवेना. आम्हाला तिची भाषा कळत नव्हती. ती त्याच्या केसांतलं पाणी पदराने पुसत होती."

"केवढी होती ती?"

"तेव्हाच्या तुमच्या वयाची असेल."

"मग कोनतरी होती त्याच्याजवल," हिराबाई म्हणाली. मग उठून तिने चहा ठेवला. मी निघताना म्हणाली, "सांगा तिथं. सगला सांगा. मी येतंव."

कार्यक्रमाला ती नऊवारी नेसून आली. मला शाल आणि मानपत्र मिळालं. मी पाच मिनिटांत बसेल तेवढं सांगितलं आणि हिराबाईकडे हात करून म्हणालो की ज्यांनी त्याला पोहायला शिकवलं, त्या समोर बसल्या आहेत. कुलगुरू स्टेजवरून खाली उतरले आणि तिच्या पाया पडले. ती अवघडली. त्यांना हाताला धरून उठवलं आणि म्हणाली, "तुमी मोठी मानसं, असा नका करू." परतताना रिक्षात मी शाल तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती घडी घालून परत दिली.

"ही तुमची. तुमी कमावलेली."

पुढच्या रविवारी खाडीवर आमचा वर्ग चालू होता. मुलंमुली दोर फेकायचा सराव करत होती. बांधावरून कोणीतरी सावकाश येताना दिसलं. हिराबाई होती, हातात डबा. मी पुढे जाऊन तिला आधार दिला. मुलांनी माझ्याकडे पाहिलं.

"या नाईक धर्मा म्हात्रे यांच्या आई," मी म्हणालो.

कोणी ऑर्डर दिली नव्हती. तरी सगळी मुलं दोर खाली ठेवून सावधानमध्ये उभी राहिली. हिराबाईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. एका मुलीच्या जॅकेटचा पट्टा सुटला होता, तो तिने पुढे होऊन आवळला.

"उभी काय राहिलाव," ती म्हणाली. "पानी चढतंय. कामाला लागा."