गुहेतला नारिंगी स्पंज

ओहोटीला आमच्या कड्याखालची गुहा उघडी पडते. आत, जिथे ऊन कधीच पोचत नाही, तिथे भिंतीवर नारिंगी स्पंज वाढलाय. त्याला तोंड नाही, डोळे नाहीत. अंगभरच्या बारीक छिद्रांतून तो समुद्राचं पाणी आत घेतो, त्यातले कण खातो आणि पाणी परत सोडतो. तळहाताएवढा व्हायला त्याला वर्षं लागली.

परवा मी आणि शेजारच्या सुमनवहिनी खडकांना चिकटलेली कालवं काढायला गेलो, तेव्हा एक पर्यटक किल्लीने त्या स्पंजावर स्वतःचं नाव कोरत होता.

"अहो, तो जिवंत प्राणी आहे," मी म्हणाले.

"हलत तर नाही," तो हसून म्हणाला आणि त्याने शेवटचं अक्षर पुरं केलं.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "माझे सासरे दोन वर्षं अंथरुणात हलत नव्हते. त्यांच्या अंगावरही कोरलं असतंत का?"

तो किल्ली रुमालाला पुसून निघून गेला. माझा संताप मात्र अजून उतरलेला नाही. ज्याला पळता येत नाही, ओरडता येत नाही, त्याच्याच अंगावर आपलं नाव लिहायची हौस आपल्याला कुठून येते? आणि हाच माणूस घरी जाऊन सांगणार, गुहेत बघण्यासारखं काही नव्हतं.