मोहाखालचं अस्वल

काल सुनेने अंगणात मोहफुलं वाळत घातली, आणि त्या गोड, उग्र वासासरशी मी बालाघाट शहराच्या टोकाच्या त्या घरात जाऊन पोचले. मन बिथरलेल्या माणसांना तिथे काही दिवस ठेवून घेत. तरुणपणी मी तिथे रात्रपाळी करायची.

परसवाड्याचे सदाभाऊ आले, तेव्हा बरेच दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. "बाई, अंगणात अस्वल येऊन राह्यलं," म्हणत ते रात्रभर बसून राहत. "काही नाई तिथं, भाऊ," असं जो तो त्यांना समजावी. मीही समजावून थकले होते. एका रात्री म्हटलं, "चला भाऊ, दोघं मिळून पाहू." आणि खिडकी उघडली.

चांदण्यात, मोहाच्या झाडाखाली, चांगलं गलेलठ्ठ अस्वल फुलं मचमच खात होतं!

मी दचकून मागे सरले. सदाभाऊंचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी हळूच खिडकी लावली, मला पाणी दिलं आणि म्हणाले, "भेऊ नोको बाई, मी आहो ना." मग आडवे झाले आणि घोरूही लागले.

तेव्हापासून कुणी काही भलतंच सांगू लागलं, की मी आधी खिडकी उघडते.